गप्प होते म्हणून

६ जानेवारी २०२५
कोर्टात पुन्हा तारीख पडली. डॉक्टर बाहेरगावी! डाव्या हाताने लिहिते, अक्षर अजून कोंबडीचे पायच. थकले बाई.

१७ जानेवारी
ब्लाउज शिवायला आता कुणी टाकत नाही. दोन वर्षांपूर्वी दापोऱ्याच्या रस्त्यावर ऑटो उलटला, उजवा हात चेंगरला. इथे बुऱ्हाणपुरातच डॉक्टरने तीन बोटं काढून टाकली. इंदूरला नेलं असतं तर वाचली असती की नाही, देव जाणे. पण मी शुद्धीवर होते! मला कुणी विचारलंच नाही, म्हणून तर डॉक्टरवर ही केस. हे रक्ताची बाटली आणायला गेलेले. खाटेशी जेठ उभे — यांचे थोरले भाऊ, शालिग्रामदादा. डॉक्टरने त्यांना विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला ठीक वाटेल ते करा. मी पदर तोंडावर ओढून घेतला.

४ फेब्रुवारी
माझी उलटतपासणी. डॉक्टरचा वकील — "होश में थीं?" हो. "मना किया?" नाही. "तो फिर राज़ी थीं." कायद्यात याला गर्भित संमती म्हणतात म्हणे. तोंडाने हो म्हटलं नाही तरी वागण्यातून दिलेली. दारात दादा उभे होते, डॉक्टरचे पुढचे साक्षीदार. हो-नाहीच्या पुढे माझं तोंड तिथेही उघडेना.

बाहेर आल्यावर माझी वकील रश्मी चिडली. गप्प का राहिलात? काय सांगू! जेठांसमोर बोलायचं कसं? तिने मिटलेली फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाली, हे आधी का नाही सांगितलं?

५ फेब्रुवारी
हे म्हणतात, मिटवून टाक, दादांना कोर्टात उलटसुलट विचारलेलं बरं दिसत नाही. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. राग येतो, मग रागाचाही कंटाळा येतो. भाकरी अजून एका हाताने नीट थापता येत नाही.

११ मार्च
दादांची साक्ष. म्हणाले, ती शुद्धीत होती, हरकत घेतली नाही. रश्मी उठली. तिने एवढंच विचारलं, त्या दिवसाआधी ती तुमच्याशी कधी बोलली होती?

"आमच्यात बहू जेठाशी बोलत नाही," दादा ताठ मानेने म्हणाले. "लग्न होऊन आली तेव्हापासून एक शब्द नाही."

"मग त्या दिवशीचं गप्प राहणं होकार कसा?" रश्मी म्हणाली. हरकत घ्यायला उठलेला डॉक्टरचा वकील खाली बसला.

बाहेर आल्यावर मी पदर खांद्यावरच राहू दिला.

"दादा," मी म्हणाले, "तुम्ही मला विचारायला हवं होतं."