आईचे तीन हत्ती

रविवार, दिवेलागणीची वेळ

आमच्या लढाईच्या गेमचं नवं अपडेट आज आईच्या कॉम्प्युटरवर टाकलं. जुन्या खेळाडूंचे अर्धवट डाव नव्या, मोठ्या नकाशात शाबूत राहतील ना, हीच धाकधूक होती. आणि आईइतका जुना खेळाडू कोण? जितकी वर्षं मी हा गेम बनवतोय, तितकीच वर्षं ती त्यातला एकच किल्ला सांभाळून आहे.

जुना नकाशा नदीपाशी संपायचा. पुढे नुसता काळोख. तरी आईने तिथे तीन हत्ती उभे केलेले. मी किती हसायचो! "आई, तिकडून कोणी येत नाही. नकाशा मीच बनवलाय ना!"

"नदी आहे म्हणजे पल्याडचा काठ असणारच. तापीवर राहतोस आणि एवढं कळत नाही?"

आज डाव उघडला. सगळं जागच्या जागी! काळोख सरला, पलीकडचा काठ दिसला, आणि मी नव्याने घातलेली फौज थेट पाण्यात उतरली. ऑफिसात आमच्यापैकी एकालाही हा हल्ला थोपवता आला नव्हता. आईच्या हत्तींनी थोपवला.

अभिमान नक्की कशाचा वाटतोय, गेमचा की तिचा?

"चांगलं केलंस," ती म्हणाली, "पण किती टाइम लावलास रे! हत्ती केव्हाचे उभे होते."