ह्यांच्या नावानं वाटलेलं डिझेल

पोयेनी, ऑक्टोबरातला दुसरा रविवार

तीर्थरूप वन्संना भावजय साफ्ताचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तुम्ही सांभाळता त्या इटालियन आजीबाई अजून ताटं भिरकावतात का? इथे मी ठीक आहे. म्हणजे रागानं अंग तापलंय, आणि सध्या घरात तेवढीच काय ती ऊब आहे.

ह्यांचं वर्षश्राद्ध पार पडलं. (तुमच्या नावची मेणबत्ती लावली, सगळ्यांत जाड.) गेलेल्या माणसाच्या नावानं जे द्यावं ते त्याला वर पोचतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! त्या शेजारच्या वेतानं तिच्या नवऱ्याच्या नावानं ब्लँकेटं वाटली, तेव्हापासून बाई चर्चमध्ये मान ताठ करून उभी असते. मी काय द्यावं? ह्यांना एकच गोष्ट आवडायची, ट्रॅक्टर. तो तर आपण गावातल्या पाम्फिलला विकून बसलो. पण स्वस्ताईच्या दिवसांत ह्यांनी भरून ठेवलेलं डिझेलचं पिंप शेडमध्ये तसंच होतं. त्यात हे स्वप्नात आले, टोपी मागे सरकवली आणि म्हणाले, "साफ्ता, टाकी कोरडी पडलीय गं." झालं! अख्खं पिंप वाटायचं ठरवलं.

हल्ली डिझेल असं महागलंय की लोक बाजाराला चालत जातात आणि वर तब्येतीसाठी चालतो म्हणून सांगतात. बातमी फुटल्यावर ह्यांचे जिवलग मित्र किती निघाले म्हणून सांगू! ह्यांच्याशी कुंपणाच्या भांडणावरून अकरा वर्षं न बोललेला माणूस डोळे पुसत आला, बगलेत हा एवढा कॅन. आता दान द्यायचं म्हणजे त्यावर पेटती मेणबत्ती हवीच. मी डिझेलच्या प्रत्येक कॅनला एकेक बांधून पेटवली, तशी सगळी माणसं भिंतीला टेकली. पाद्रीबुवांनी पुढची प्रार्थना फाटकाबाहेरून म्हटली, आणि इतकी भराभर म्हटली की मला फक्त शेवटचं आमेन ऐकू आलं. सगळ्यांत मोठा वाटा पाम्फिलला दिला. का? तर माझी सरपणाची लाकडं जंगलात कापून पडली आहेत, ती बर्फ पडायच्या आत घरी आणायला गावात त्याचाच ट्रॅक्टर आहे. म्हणजे आपलाच.

सोमवारी गेले त्याच्याकडे. तर हा मेला छातीवर हात ठेवून काय म्हणतो, "वहिनी, तुमचंच डिझेल तुमच्याच कामाला जाळलं तर दान तुमच्याकडेच परत आलं की! तुमचा तोआदर वर कोरडाच राहील. मला पाप लागेल."

मी म्हटलं, "आणि तू रोज ट्रॅक्टर घेऊन गुत्त्यावर जातोस ते?"

"तिथे त्याच्याच नावानं पितो ना!"

पाद्रीबुवांकडे दाद मागितली. त्यांनी दाढी कुरवाळली आणि म्हणाले, दिलेलं दान देणाऱ्यानं परत घेऊ नये, पाम्फिलचं बरोबर आहे. बरोबर आहे? अहो, मी इथे थंडीनं मेले तर माझ्या नावानं काय वाटणार हे लोक, माझीच लाकडं? वेता तर कुंपणावरून विचारते, "काय गं साफ्ता, निदान एखादं ब्लँकेट देऊ का?" माझ्या अंगाची नुसती लाही झाली. (ब्लँकेट घेतलं. जाड आहे.) डोंगरमाथा कालच पांढरा झालाय, आणि माझ्या चुलीत घालायला कुंपणाच्या फळ्या उरल्या आहेत.

तब्येतीला जपा.

तुमची,
साफ्ता

ता.क. वन्सं, तुमच्यापासून काय लपवायचं. ते स्वप्न मला पडलंच नव्हतं. वेतावर मात करायची होती, म्हणून मीच रचलं. आता एक तुम्ही रचा. मला पत्र लिहा की तोआदर इटलीत तुमच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, टाकी काठोकाठ भरली, आता पाम्फिलनं साफ्ताची लाकडं आणून टाकावी. पाम्फिलचं नाव स्पष्ट घाला. पत्र माझ्या हाती यायच्या आत पोस्टातली फ्लोरिका ते दुकानात वाचून दाखवतेच. सख्ख्या बहिणीच्या स्वप्नाला पाद्रीबुवासुद्धा नाही म्हणणार नाहीत.

ता.क. टोपी राखाडी लिहा. पुरताना घातलेली काळी नको, ती ह्यांना कधीच आवडली नाही.

ता.क. आणि खरंच आले तुमच्या स्वप्नात, तर लाकडांचं राहू द्या. एवढंच विचारा, की वर्ष झालं, माझ्याकडे एकदाही का आले नाहीत?