लोकरीच्या चटया आणि शेडचा कागद

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, तुम्ही उभयता कसे आहात ते सविस्तर कळव. पंचवीस वर्षं कारखान्यात यंत्रापाशी उभं राहून धरलेला तुझा गुडघा काय म्हणतो? (फोनवर तू "ठीक" म्हणतोस. पण हात मोडला होता तेव्हाही तू "ठीक"च म्हणाला होतास, म्हणून पत्रात विचारते.)

पत्रास कारण, आपल्या शेडसाठी तुझी संमती हवी आहे. शेड कशाला, हे सांगायचं तर लोकरीपासून सुरुवात करावी लागेल, तेव्हा जरा टेकून बैस.

लोकर नेणारा व्यापारी चार वर्षांपूर्वी यायचा बंद झाला. तेव्हापासून खोऱ्यातली माणसं मेंढ्या कातरतात आणि लोकर खड्ड्यात पुरतात. शेजारच्या मेंढपाळ काकू गेल्या वर्षी पुरता पुरता थांबल्या आणि मला म्हणाल्या, "वर्षभर जनावर राखायचं आणि त्याच्या अंगावरचं मातीत घालायचं. हात धजत नाही गं." त्यांच्या दोन्ही लेकी तोवर कामासाठी खोरं सोडून गेल्या होत्या. ते वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. (माझ्या डोक्यात अडकलेल्या गोष्टी शेवटी इतरांना निस्तराव्या लागतात, हे तुला नव्याने सांगायला नको.)

त्याच सुमारास प्रादेशिक विकास कार्यालयाची सूचना लागली : जमिनीवर आधारित उद्योगांना मदत मिळेल. आम्ही सात बायका जमलो आणि लोकरीच्या जाड चटया करायचं ठरवलं. चटई जमिनीवरच अंथरतात, तेव्हा आपण नियमात चपखल बसतो, असं मला मनापासून वाटलं. लोकर भिजवायची, साबण लावायचा आणि एकजीव होईस्तोवर लाटायची, एवढंच काम. साबण किती, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. फेस अंगणातून रस्त्यावर गेला आणि टपालवाल्याने त्या दिवशी सायकल खांद्यावर घेऊन टपाल वाटलं.

तरी बारा चटया झाल्या आणि आम्ही मदतीचा अर्ज धाडला. त्या बघायला कार्यालयातल्या बाई आल्या, काळ्याभोर कपड्यांत. आम्ही आग्रह करकरून त्यांना चटईवर बसवलं. त्या उठल्या तेव्हा मागून निम्म्या पांढऱ्या झाल्या होत्या. कुणी काही बोलायच्या आत काकू अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "बाईसाहेब, आता कातरणीला आलात." आठवड्याने अर्ज परत आला. शेरा होता : बसण्यास अयोग्य. त्या दिवशी सातजणी माझ्या ओट्यावर नुसत्या बसून होतो. दादा, माणसं रडली तर समजूत घालता येते, गप्प बसली की काही सुचत नाही.

रोपवाटिकावाल्याने त्या चटया उचलल्या. (हा गृहस्थ वीस वर्षांत कुणाला बरं म्हणालेला नाही.) "टाकूनच द्यायच्यात ना? द्या इकडे." त्याने त्या गोल कापल्या, मधे भोक पाडून फळझाडांच्या रोपांभोवती घातल्या. उन्हाळ्यात त्याच्या विहिरीने तळ गाठला. उघडी रोपं ओळीने वाळली, चटईतली हिरवी राहिली. तो मला बोलवायला आला आणि थेट रोपांपाशी घेऊन गेला. चटईची कड उचलून म्हणाला, "बोट घाला." माती ओली होती. मग खाली बघत म्हणाला, "अजून आहेत का?" मी तिथेच, त्या माणसासमोर, ढसाढसा रडले. तो बिचारा मला पाणी आणायला धावला आणि रिकाम्या विहिरीवरून रिकामी बादली घेऊन परत आला.

बाई पुन्हा आल्या. या खेपेस कुठेही बसल्या नाहीत, पण त्या मातीत बोट घालून बराच वेळ ओणव्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अर्ज नव्याने लिहू या. मात्र चटई हा शब्द काढा." आता चार रोपवाटिकांची मागणी आहे. लोकर दाबायचं यंत्र मंजूर झालंय आणि ते ठेवायला शेड हवी, जी निम्मी तुझ्या नावावर आहे. काकूंच्या धाकट्या लेकीने पत्रातून विचारलंय, काम खरंच आहे का? तिला काय कळवायचं ते तुझ्या सहीवर अडलंय. कागद सोबत आहे. खुणा केल्यात तिथे, दोन ठिकाणी सही कर.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. : सही करून कागद टपालाने पाठवलास तरी चालेल. यंत्र मात्र तोवर माझ्या पडवीत येऊन पडलंय. ते दुसऱ्या कारखान्यातून आलेलं, वयस्कर आहे, आणि सुरू केलं की असं गुरगुरतं की आम्ही सातजणी अंगणात पळतो. कार्यालयाने एक मेकॅनिक मंजूर केलाय, पगारी. अटी दोन : यंत्रावर पंचवीस वर्षं काम केलेलं असावं, आणि सात बायकांचं ऐकून घ्यायची तयारी असावी. (दुसरी अट माझी.)

ता. क. २ : मेकॅनिकच्या त्या जागेवर मी एक नाव पेन्सिलीने लिहिलंय. खोडता येतं. पण खोडायचं असेल तर इथे येऊन खोड.

ता. क. ३ : वहिनीने मला काहीएक कळवलेलं नाही. तिला उगाच विचारत बसू नकोस. तू रोज सकाळी डबा घेऊन वेळेवर कामाला जातोस, असंच ती सगळ्यांना सांगते. तू दिवसभर बसतोस त्या बागेतल्या बाकाला टेका नाही म्हणे. पाठ जप.