झोत थेट नको फिरता

रविवार, १४ तारीख, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. मी आणि बाबा मजेत आहोत, पाचही मासे मजेत. नवी नोकरी मानवली असेल, जेवण वेळेवर होत असेल. टाकीतल्या पाण्याचा खारेपणा रोज मोजतो. तू सांगितलेल्या आकड्यावरून तसूभर हलू दिलेला नाही.

आता प्रवाहाबद्दल. त्यात मी तयार झालोय, फुशारकी वाटली तरी लिहितो. दोन्ही पंप समोरच्या काचेकडे तिरके वळवलेत. झोत काचेवर आपटतात, एकमेकांत मिसळतात आणि मऊ होऊन मागे खडकांवर येतात. तळाची वाळू उडत नाही, कोपऱ्यात घाण साचत नाही. हिरवं प्रवाळ गवतासारखं डुलतं.

फोनवर तू "प्रवाळ कसं आहे?" विचारलंस की मी "छान" म्हणून माशांवर घसरायचो. कागदावर तसं जमत नाही. त्याच्या पाच तोंडांपैकी, फुलासारखी उघडतात त्यांतली, दोन मेली. माझ्यामुळे.

जाताना तू पंपाच्या वायरीला चिकटपट्टी लावून लिहिलंस, "झोत थेट नको फिरता". तुझं आणि विरामचिन्हांचं जन्माचं वाकडं. माझी शाळा नववीत सुटली, शुद्धलेखन मात्र सुटलं नाही. तुझे अर्जसुद्धा मीच तपासायचो. मी पेन घेऊन "थेट"पुढे स्वल्पविराम दिला. झोत थेट, नको फिरता. अकरा दिवस दोन्ही पंप प्रवाळावर रोखून ठेवले. ते आक्रसत गेलं, मला वाटलं झोत कमी पडतोय, म्हणून आणखी वाढवला. बाराव्या दिवशी पांढरा सांगाडा दिसला.

बाबांनीही पाहिला. "दुकान की हे डबकं, एक काय ते ठरव," असं तुला तोंडावर सुनावणारे तेच बाबा. मनात म्हटलं, आज टाकी घराबाहेर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अरे शहाण्या, जन्मभर पंखे दुरुस्त केले मी. तोंडावर वारा मारला की माणूस उठून जातो. भिंतीवर मार, परतून येईल तेवढा पुरतो."

बाही सरसावून त्यांनीच दोन्ही पंप काचेकडे वळवले. मग हात पुसता पुसता हळूच पुन्हा म्हणाले, "माणूस उठून जातो." मी पेन घेऊन चिकटपट्टीशी गेलो. स्वल्पविराम खोडून एक शब्द पुढे सरकवला.

उरलेली तीन तोंडं आता पूर्ण उघडतात. बाबा दुकानातून आले की आधी टाकीशी जातात. "काय रे, तुमचा मालक फिरकला नाही ना?" विचारतात माशांना, ऐकायला असतो मी.

काल म्हटलं, "दादाला लिहितोय. तुमचं काय लिहू?"

"लिही, ये नको रागावू."

माझं पेन अडलं. "बाबा, स्वल्पविराम कुठे?"

"कसला विराम?"

"म्हणजे 'ये नको', की..."

"गाढवा, ये! 'ये' म्हणून थांब, मग पुढचं!"

दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः बोट ठेवून पाहिलं. तेव्हा यात चूक नाही, दादा:

ये, नको रागावू.

या वेळी विचारून चिन्ह देणारा,
तुझा धाकटा