जयवंताबाईंची साक्ष

बारामती, रविवार

प्रिय आई,

तुला आणि आबांना जयभीम. माझी तब्येत ठीक आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

घटस्फोट लवकर मिळेल, तोच घे, असं तू म्हणतेस. पण समाधानची पहिली बायको, जयवंताबाई, नांदती असताना त्याने ते लपवून माझ्याशी लग्न केलं. घटस्फोट मागणं म्हणजे ते लग्न खरं मानणं. म्हणून मी ते रद्दबातल ठरवून मागते आहे.

त्यासाठी पहिलं लग्न सिद्ध व्हायला हवं, आणि त्याचा दाखला समाधानने गायब केलेला. मंगळवारी जयवंताबाई बावड्याहून एसटीने एकट्या साक्षीला आल्या. त्याच्या वकिलांनी विचारलं, "लग्न लागलं कशावरून? सप्तपदी झाली?"

"आमच्या बौद्ध लग्नात सप्तपदी नसती, सायब. प्रतिज्ञा असत्यात. माझ्या पाठ हायत, ह्यांच्या बी हायत. म्हणू?"

आणि पत्नीचा मान राखण्यापासून त्याच्या पाचही प्रतिज्ञा त्यांनी न अडखळता म्हटल्या. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. आई, त्याच प्रतिज्ञा त्याने दोन वर्षांपूर्वी माझ्याशेजारी उभं राहून घेतल्या होत्या. मला एकही आठवेना.

बाहेर मी विचारलं, "आता परत नांदायला जाणार?"

"छ्या! त्याच्यासंगं कोण नांदतंय? पर लगीन माझं झालंय. ते झालंच न्हाय, आसं कुणी म्हणायचं न्हाय."

आजवर मी डायरीत फक्त माझ्या नावाला बट्टा लागण्याची काळजी लिहीत आले, याची लाज वाटली.

निकाल पुढच्या महिन्यात आहे. तोवर घटस्फोटाचं नाव काढू नकोस. तो घेतला, तर माझं लग्न खरं आणि जयवंताबाईंचं खोटं म्हणणारी मीच ठरेन.

तुझी,
करुणा