तुमच्या नावावर वाजलेली चाल

बाबा, गेल्या शनिवारी रत्नागिरीच्या नाट्यगृहात तुमची चाल वाजली. निदान निवेदन करणारा मुलगा तरी तसं म्हणाला. मी पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर कार्यक्रमवाल्यांनी दिलेली शाल आणि नारळ. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. तुम्ही बोटीवर असतानाही पत्र लिहायची ती आईच, मी खाली एका ओळीत नमस्कार लिहून मोकळी व्हायची. त्यामुळे तुम्हाला लिहायची मला सवय नाही, आणि जे लिहायचंय ते सरळ सुरुवातीलाच लिहून टाकावं इतकं धैर्यही नाही. जसं आठवेल तसं लिहिते.

तुम्ही बोटीवर लाँड्रीत होता. गावात कुणी विचारलं तर आई "हापिसात असतात" म्हणायची. तुम्ही मात्र कुणालाही हसत सांगायचा की मी साहेबांचे कपडे धुतो. त्या बोटीवर रोज संध्याकाळी पाहुण्यांसाठी वाजवणारी पाच-सहा माणसं होती आणि त्यांचे पांढरे कोट इस्त्रीला तुमच्याकडे यायचे. त्यातला सॅक्सोफोनवाला गोव्याचा. त्याच्या कोटाच्या बाह्या तुम्ही अशा करून द्यायचा की तो खूश होऊन खाली लाँड्रीत येऊन बसायचा, आणि मशिनच्या घरघरीत, जिथे कुणाची तक्रार येणार नाही, तिथे त्याने तुम्हाला फुंकायला शिकवलं. नोकरी सोडताना त्याने स्वतःचा जुना सॅक्सोफोन तुम्हाला देऊन टाकला. तो तुम्ही घोंगडीत गुंडाळून घरी आणलात तेव्हा मी नववीत होते. आई ओटीवर उभी राहून म्हणाली, "माणसं एवढ्या लांबून साबण आणतात, सेंट आणतात. ह्यांनी काय आणलं तर पितळेची नळी." तुम्ही ती नळी तोंडाला लावलीत आणि आमचा कुत्रा नारळाच्या आगराच्या टोकापर्यंत पळाला.

गावच्या भजनात तुम्ही आधी झांज वाजवायचा. सुट्टीवर आलात की एकादशीला देवळात तुमची जागा ठरलेली, मृदंगवाल्या काकांच्या डाव्या हाताला. शेवटी गजर रंगात आला, की बुवा एक ओळ टाकतात आणि बाकीचे ती झेलून परत देतात. तुम्ही एकदा घरी येऊन आईला म्हणालात, "अगो, तिकडे जॅझ वाजवतात तेपण हेच हाय. एक बोलतो, बाकीचे झेलतात. फक्त झेलणारा तेच परत देत नाय, आपल्या पदरचं थोडं घालून देतो." आईने विचारलं, "आणि देव कुठे असतो त्यात?" तुम्ही विचारात पडलात. खरोखर विचारात पडलात, मला तुमचा चेहरा दिसतो आहे. मग म्हणालात, "तो ऐकत असंल."

मी तेव्हा शहरात बाईंकडे गाणं शिकायला जायला लागले होते. आठवड्यातून दोनदा एसटीने, मांडीवर वही. परीक्षा, रागांची लक्षणं, वर्ज्य स्वर, सगळं तोंडपाठ. एक दुपार अजून तशीच आहे. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून बंदिश घोकते आहे, हाताने ताल देते आहे. आई विळीवर नारळ खोवते आहे. तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात आणि मधेच म्हणता, "थांब गो. आईचा हात बघ. पहिला ओढा हलका, दुसऱ्यावर जोर. ऐकू येतंय? आता तुझी ओळ त्यावर म्हण." मी म्हटलं, "त्याने सम चुकेल." तुम्ही म्हणालात, "समेला जरा उशीर झाला तर ती काय दार लावून घेते?" आई हसायला लागली, तिचा हात थांबला आणि तुम्ही तिला ओरडलात, "तू थांबू नको, तूच तर वाजवतेयस." त्या दिवशी मी चार ओळी तशा गायले. मला गंमत वाटली होती. पण पुढच्या मंगळवारी बाईंसमोर तोच हेलकावा नकळत आला आणि त्यांनी पेटी बंद करून विचारलं, "हे कुठून उचललंस?" मी तुमचं नाव सांगितलं नाही. रेडिओवर ऐकलं म्हणाले.

मग सप्ताह. मी वीस वर्षांची. सांगतेच्या दिवशी महाप्रसादाआधी माझा अभंग होता आणि बाई खास शहरातून आल्या होत्या, देवळात अगदी पुढे बसल्या होत्या. मी भीमपलास गात होते. पेटीवर बुवा, मृदंगावर काका. दुसऱ्या अंतऱ्यानंतर मी श्वास घ्यायला थांबले आणि माझ्या मागून तुमचा सॅक्सोफोन आला. मला सांगितलं नव्हतंत. माझीच ओळ तुम्ही झेललीत आणि आपल्या पदरचं घालून परत दिलीत. भीमपलासात गंधार कोमल. तुम्ही लावलात तो कोमलही नव्हता आणि शुद्धही नव्हता, दोघांच्या मधे कुठेतरी होता, आणि तिथून तो हळूच खाली आला, एखादं माणूस पायरीवर बसतं तसा. मागे बसलेले लोक "वा" म्हणाले. काकांनी मान हलवून मृदंगावर थाप बदलली. बुवांनी हसून मला खूण केली, की घे, आता तू घे. मी बाईंकडे बघितलं. त्या मांडीवरच्या पर्सचा बंद पिळत होत्या. आणि मी माईकमध्ये म्हणाले, "बाबा, हे देऊळ आहे, बोट नव्हे."

देवळाबाहेर पंक्तीसाठी केळीची पानं मांडत होते, त्यांनासुद्धा ते ऐकू गेलं. तुम्ही सॅक्सोफोन खाली ठेवलात. खिशातून रुमाल काढून त्याचं तोंड पुसलंत. मग झांज उचललीत आणि माझा अभंग संपेपर्यंत वाजवत राहिलात, एकही ठोका इकडे-तिकडे न होता. घरी येताना आपण गावामागच्या उघड्या सड्यावरून चालत होतो, कातळ तापलेला, आई पुढे. मी वाट बघत होते की तुम्ही रागवाल, म्हणजे मलाही काहीतरी बोलता येईल. तुम्ही एवढंच म्हणालात, "आवाज छान लागला आज तुझा."

त्यानंतर तुम्ही घरात कधी वाजवलं नाहीत. सुट्टीत आलात की संध्याकाळी तो घेऊन सड्यावर जायचा. वारा इकडचा असला तर माझ्या खोलीत ऐकू यायचं. सड्यावर पोचायला दहा मिनिटंही लागत नाहीत, बाबा. मी गेले नाही. आधी हट्टाने, मग संकोचाने, मग लग्न होऊन शहरात गेले, शाळेत संगीताची शिक्षिका झाले, आणि जायचं राहून गेलं असं म्हणायची सोय झाली.

तुमची उजवी बाजू गेली तेव्हा मी महिनाभर रजा काढून आले होते. तुम्हाला बोलता येत नव्हतं. एका सकाळी तुमच्या वाकड्या झालेल्या तोंडातून लांबच लांब आवाज यायला लागला, थांबायचा, पुन्हा यायचा. मी घाईघाईने चमच्याने पाणी पाजलं. तुम्ही प्यायलात. पुन्हा तोच आवाज. मी पुन्हा पाणी दिलं. तेही प्यायलात. आतून आईने सांगितलं, "अगो, तहान नाय लागली त्यांना. गातायत ते." मी भांडं हातात धरून उभी राहिले. तोपर्यंत तुम्ही थांबला होतात. मी म्हटलं, "बाबा, म्हणा ना परत." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात.

तुम्ही गेल्यावर आईने सॅक्सोफोन लग्नाच्या बँडवाल्याला देऊन टाकला. खाऱ्या हवेने त्याच्या बटणांखालची चामडी खराब झाली होती. ती म्हणाली, "इथे कुजण्यापेक्षा कुणाच्या तरी तोंडाला लागूदे." मी अडवलं नाही. तो बँडवाला पुढे कुठे गेला कळलं नाही.

आणि आता, मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर, चार तरुण माणसं माझ्या दारात आली. पुढे एक मुलगी, पंचविशीची, पाठीवर सॅक्सोफोनची पेटी. मूळची पावसकडची, मुंबईला शिकलेली. ही मुलं आपल्याकडचा गजर आणि जॅझ एकत्र करून वाजवतात. बरोबर मृदंग, गिटार, कीबोर्ड. गावात मृदंगवाल्या काकांकडे थापा शिकायला गेली तेव्हा काकांनी त्यांना सांगितलं होतं, "तुम्ही काय नवीन करताय? हे आमच्याकडे चाळीस वर्षांपूर्वी एकाने केलंन." त्या मुलीचे डोळे चमकत होते. "बाई, काका म्हणाले, तुमचे बाबा सड्यावर गजराची एक चाल वाजवायचे. ती आम्हाला द्याल? कॅसेट असेल, नोटेशन असेल, काहीही." मी म्हटलं, शोधते. काय शोधणार होते? तुमचं कुणी काही टेप केलं नव्हतं. ज्या घरात टेपरेकॉर्डर होता, त्या घरात त्यावर मी माझे आलाप भरत होते.

मी गावी काकांकडे गेले. ते आता पंच्याऐंशीचे, डोळ्यांनी अधू. म्हणाले, "बाय, सड्यावर त्याने वाजवलान की माझ्या अंगावर काटा यायचा, हे आठवतंय. काय वाजवायचा ते नाय आठवत." मग घरी येऊन पेटी घेऊन बसले. तो मधला गंधार शोधत राहिले. पेटीवर काळी पट्टी आहे, पांढरी पट्टी आहे, मधे काही नाही. गळ्याने लावायला गेले तर चाळीस वर्षं घोटलेला गळा आपोआप बरोबर सुरावर जाऊन बसायचा. एवढी मुलं शिकवली मी, प्रत्येकाला सांगितलं की सूर सोडायचा नाही, आणि आता मला तो सोडताच येईना. आठवडाभर रोज बसले. तुमच्या त्या देवळातल्या ओळीतले पहिले तीन सूर यायचे, त्यापुढे माझंच बोलणं ऐकू यायचं, माईकमधून.

मुलगी ठरल्या दिवशी आली. चहा प्यायली, मोबाईल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलंन आणि माझ्याकडे बघत बसली. तिला सांगायला हवं होतं की माझ्याकडे काही नाही. मी तोंड उघडलं तेच सांगायला. पण ते तीन सूर बाहेर आले, आणि त्यांच्यामागून आणखी काहीतरी आलं. कुठून, मला माहीत नाही. मी ते आधी कधी म्हटलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. समेला उशीर झाला, तरी मी पुढे गेले. संपल्यावर मुलीने सॅक्सोफोन काढला आणि ती ओळ जशीच्या तशी वाजवलीन. "हीच ना, बाई? बाबांची?"

मी म्हटलं, "हीच."

शनिवारी त्यांनी ती वाजवली. सुरुवातीला तुमचं पूर्ण नाव घेतलं, बोटीवर लाँड्रीत काम करत शिकले हेही सांगितलं, मीच सांगितलं होतं. आधी मृदंग एकटा, मग हळूहळू सगळे आत आले, आणि ती मुलगी पुढे येऊन त्या तीन सुरांवरून कुठल्या कुठे गेली आणि परत आली. लोक टाळ्यांवर टाळ्या वाजवत होते. काकांना रिक्षाने आणून माझ्या शेजारी बसवलं होतं. ते हनुवटी काठीवर टेकून ऐकत होते. टाळ्या चालू असतानाच माझ्याकडे वाकून म्हणाले, "ही त्याची नाय."

मी विचारलं, "मग बाबांची कशी होती, काका?"

"ते मला कुठे येतंय? त्याची नाय, एवढंच कळतंय." मग म्हणाले, "बरी हाय पण. कुणाची हाय?"

तेवढ्यात मला व्यासपीठावर बोलावलं. मी चढून गेले. माईक माझ्या हातात दिला. पुढे चार-पाचशे माणसं. मी म्हणाले की बाबा असते तर त्यांना आनंद झाला असता. एवढं बोलून खाली उतरले. काल मुलीचा फोन आला, ते ही चाल रेकॉर्ड करून तुमच्या नावाने सगळीकडे टाकणार आहेत, माझी परवानगी हवी. मी हो म्हटलं. नाही म्हणायचं तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि मग तुमचं असं काहीच उरलं नसतं. तुमची खरी चाल कुणालाच येत नाही, बाबा. काकांना ही ती नाही एवढं कळतं, मला तेवढंही नक्की सांगता येत नाही. आणि जी आता तुमची म्हणून राहणार आहे, ती मी केलेली आहे. ती मला पुन्हा तशीच म्हणता येईल असंही नाही. परवा करून बघितली, सगळे सूर बरोबर लागले आणि ती गेली.

हे पत्र मी कुठे टाकणार? जिच्या पत्राखाली माझी ओळ जायची ती आईही नाही आता. वहीत ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. टाळ्या वाजत होत्या आणि निवेदक पुन्हा एकदा तुमचं नाव घेत होता, तेव्हा क्षणभर मला वाईट वाटलं की माझं का घेत नाही.