न वाढलेले जंतू

आप्पा, मी आता जंतू वाढवत नाही. तुम्ही जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांवरच्या तुमच्या लॅबच्या खोलीत, आयुष्यभर ते वाढवलेत. लाकडी पेटी, आत उबेसाठी पिवळा बल्ब, काचेच्या बशीत खाटकाकडून आणलेल्या मेंढीच्या रक्ताचा थर. शाळेतून येऊन मी पेटी उघडली की तुम्ही ओरडायचात, "झाक आधी! हवेतलं सगळं आत जाऊन राह्यलं." पुण्यात आमच्याकडे बश्या नाहीत. माती घ्या, पाणी घ्या, लेकरांची शी घ्या (नाक मुरडू नका), त्यात जे जे जिवंत असेल त्या सगळ्याचा डीएनए एकदमच काढायचा, यंत्राने वाचायचा आणि कोण कोण होतं ते संगणकावर जुळवायचं. मेटाजिनोमिक्स म्हणतात त्याला. बहुतेक जंतू बशीत वाढतच नाहीत, हे त्यातून नीट कळलं. बशी कोरी राहिली म्हणजे कुणी नव्हतंच, असं नसतं. विद्यार्थ्यांना मी हे पहिल्याच तासाला सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीची बशी कोरी होती. थंडीचे दिवस, मी सहावीत. तापात तिची मान ताठ झालेली. डॉक्टरांनी तिच्या पाठीतून काढलेलं पाणी तुम्हीच बशीवर घेऊन पेटीत ठेवलंत. "काही वाढलं न्हाई," असं तुम्ही सांगितलंत, डॉक्टरांनी इंजेक्शनं बंद केली, आणि ती गेली. तेराव्यानंतर तुम्ही जेवायला बसलेले. आईने चुलीकडे बघतच विचारलं, "कशामुळं वाढलं न्हाई?" तुम्ही म्हणालात, "माझ्याकडूनच काहीतरी राह्यलं असंल," आणि ताटातली भाकरी संपवलीत. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत आई तुमच्याशी कामापुरतंच बोलली. आम्ही सगळे तिला राग आलाय असं धरून चाललो.

मागच्या आठवड्यात आपल्या जिल्ह्यातल्या वडीगोद्रीची माती घ्यायला आले होते, तेव्हा घरी राहिले. मेथी निवडता निवडता आईला हे कोऱ्या बशीचं सांगितलं. म्हटलं, आप्पांची चूक नसेलही.

"त्यांची कधी होती?" आई म्हणाली. "लाइट गेली तर ऊब टिकावी म्हणून पेटीवर गोधडी राह्याची. त्या दिवशी मीच ती दवाखान्यात नेल्ती. पोरीला हुडहुडी भरल्ती. अन् मंग लाइट गेली. यांनी येऊन पाह्यलं, पेटी गार. मला एक शब्द बोलले न्हाईत." जुडी खाली ठेवून तिने विचारलं, "मंग गोधडीमुळं न्हवतं ना?"

"बिलकुल नाही," मी म्हणाले. "जंतूच तसला होता. कितीही ऊब दिली असती तरी वाढला नसता."

ती खूप रडली. मला काहीच झालं नाही. मी उरलेली मेथी निवडून धुतली, आणि आजही हे लिहिताना आत सगळं बधिरच आहे.

आप्पा, तो जंतू कोणता होता ते मला माहीत नाही. गारठ्याने मरणारेही असतात, मान ताठ करणाऱ्यांत तर असतातच. ते पाणी आता कुठेच नाही, तेव्हा यंत्रालाही विचारता यायचं नाही. हा कागद मी आता फाडणार आहे, कधी आईच्या हाती लागायला नको. तुम्ही कुणाला सांगायचे नाहीत, म्हणून तेवढं तुम्हाला सांगितलं.